शलमोन चुकला, भोगलं रयतेनं: हा कुठला न्याय?

सप्रेम सलाम.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बायबलातलं राजांचं पहिलं पुस्तक वाचत वाचत तुम्ही ११व्या अध्यायापर्यंत आलात आणि तिथं अडलात. म्हातारपणी इस्राएलाचा राजा शलमोन याचं मन परमेश्वरापासून फिरलं, यरुशलेमेसमोरच्या डोंगरावर त्यानं शेजारच्या मवाब देशाच्या कमोश दैवतासाठी उच्च स्थान, म्हणजे पूजेचं ठिकाण, बांधलं. त्यावर देव म्हणतो, राज्य तुझ्यापासून काढून घेईन, पण तुझ्या हयातीत नाही, तुझ्या मुलाच्या हातून घेईन. म्हणजे पाप बापाचं, फटका मुलाला, आणि फुटलं ते अख्खं राष्ट्र. हा कुठला न्याय, असं तुम्ही विचारता. त्याला जोडून दुसरा प्रश्न आहे: देशाचा पुढारी देवाशी एकनिष्ठ नसला की दुष्काळ आणि रोगराई येते, असं तुमच्या मंडळीत सांगितलं जातं, ते खरं मानायचं का? पुढच्या महिन्यात याच अध्यायावर तुम्हाला शास्त्राभ्यास घ्यायचा आहे, म्हणून उत्तराची घाई.

मी ३१ वर्षं पाळक होतो, आता निवृत्त आहे. बरीचशी सेवा नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली आणि जुना करार शिकवण्याची मला पहिल्यापासून ओढ. हा प्रश्न मला पंचवीसेक वेळा तरी विचारला गेला असेल. सुरुवातीची काही वर्षं मी त्याचं वाईट उत्तर देत होतो, तेही पुढे सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. राजाच्या बेइमानीचं नुकसान लोकांपर्यंत पोचतं कसं, हा एक भाग. ते न्याय्य आहे का, हा दुसरा. आपण सगळे दुसऱ्यावर उडी मारतो, कारण तो टोचतो. पण पहिल्याचं उत्तर शास्त्रात इतकं तपशिलात दिलंय की ते आधी नीट पाहिलं तर दुसऱ्याचा आकारच बदलतो.

११वा आणि १२वा अध्याय लागोपाठ वाचा. ११व्यात फुटीचं कारण स्पष्ट आहे: शलमोन इतर दैवतांच्या मागे लागला. अहीया संदेष्टा नव्या झग्याचे, इस्राएलाच्या १२ वंशांप्रमाणे, १२ तुकडे करून १० शलमोनाचा अधिकारी यराबाम याच्या हातात देतो तेही याच कारणानं. आता १२व्यात या. शलमोन मेला आहे, त्याचा मुलगा रहबाम याला राजा करायला सगळे इस्राएल शखेमात जमलेत आणि ते त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडतात. काय गाऱ्हाणं? कमोशाचं नाव नाही, अष्टोरेथ देवीचं नाव नाही, डोंगरावरच्या धूपाबद्दल चकार शब्द नाही. ते म्हणतात, तुझ्या बापानं आमच्या मानेवर जड जू ठेवलं, ते हलकं कर.

वरून पाहिलं तर कारण मूर्तिपूजा, खालून पाहिलं तर वेठ. लिहिणाऱ्यानं दोन्ही शेजारी ठेवलीत आणि मधे म्हटलंय की ही कलाटणी परमेश्वराकडून होती. माझं सगळं म्हणणं या दोन अध्यायांच्या जोडावर उभं आहे: राजाची देवाशी बेइमानी आणि रयतेच्या मानेवरचं जू या दोन वेगळ्या घटना नाहीत.

आता जू म्हणजे काय ते पाहू. ५व्या अध्यायात आकडे आहेत. मंदिराच्या लाकडासाठी शलमोनानं सर्व इस्राएलातून ३०,००० माणसं वेठीला धरली. दरमहा १०,००० लबानोनात, मग दोन महिने घरी. त्याखेरीज ७०,००० ओझी वाहणारे आणि डोंगरात दगड फोडणारे ८०,०००. हे वर्गात मी घाईनं वाचून पुढे जात असे. एका गावी शास्त्राभ्यासाला एक बाई येत. नवऱ्याबरोबर बारा-तेरा हंगाम ऊसतोडीला गेलेल्या, अक्षरओळख जेमतेम, पण ऐकायचं कान टवकारून. त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "पाळकसाहेब, महिना डोंगरात अन् दोन महिने घरी, म्हंजी वरसाचे चार महिने गडी भायेर. पेरणीच्या वक्ताला त्याची पाळी आली तर मागं नांगर कुणी धरला?"

मी गप्प. इतकी वर्षं वाचत होतो, हा हिशोब कधी केला नव्हता. पुढे यराबाम आला. योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर शलमोनानं नेमलेला माणूस. बाई म्हणाल्या, "मंजी मुकादमच की." तेव्हापासून माझ्या वर्गात यराबाम मुकादमच आहे. वरच्याचा हुकूम त्यानंच खाली पोचवलेला, लोकांच्या शिव्या त्यानंच खाल्लेल्या. बंड तिथून उठलं यात नवल नाही.

इथं एक कबुली देतो, कारण कुणीतरी अभ्यासात विचारणारच. ९व्या अध्यायात म्हटलंय की शलमोनानं इस्राएल लोकांपैकी कुणाला दास केलं नाही, वेठीला लावले ते कनानातले उरलेले लोक. ५वा अध्याय 'सर्व इस्राएलातून' म्हणतो. कायमची गुलामी आणि पाळीपाळीची वेठ यांत फरक आहे असं काहीजण समजावतात. मला तो खुलासा पटतो, पण अर्धाच. शखेमात जमलेले लोक इस्राएलच होते आणि जू त्यांच्याच मानेवर होतं. रहबामानं समेटाला पाठवला तो वेठीवरचा अधिकारी अदोराम, आणि त्याला सगळ्या इस्राएलानं दगडांनी ठार केलं. वेठ नावापुरती असती तर असं झालं नसतं.

वेठीखेरीज मुदपाकखाना होता. ४थ्या अध्यायात राजाचा एका दिवसाचा शिधा दिलाय: ३० कोर (धान्याचं मोठं माप) सपीठ, ६० कोर पीठ, १० पोसलेले बैल, कुरणातले २०, मेंढरं १००, शिवाय हरणं आणि पक्षी वेगळे. हे पुरवायला देशावर १२ अधिकारी, एकेकाकडे वर्षातला एक महिना. यहूदाचा वाटा त्या यादीत स्पष्ट दिसत नाही, म्हणून राजाच्या स्वतःच्या वंशाला सूट होती असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर उत्तरेकडचे वंशच का फुटले याचं आणखी उत्तर शोधायला नको.

तुम्ही म्हणाल, पाळक, हा तर कारभाराचा दोष झाला, यात देवाशी एकनिष्ठेचा संबंध काय?

त्यासाठी अनुवाद या मोशेच्या पाचव्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात जावं लागेल. तिथं शेवटच्या सात वचनांत राजाचे नियम आहेत. त्यानं फार घोडे बाळगू नयेत, घोड्यांसाठी लोकांना मिसरात परत पाठवू नये. फार बायका करू नयेत, नाहीतर त्याचं मन फिरेल. सोनंरुपं फार साठवू नये. नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि आयुष्यभर रोज वाचावी. कशासाठी? त्यानं परमेश्वराला भ्यावं, आणि त्याचं मन आपल्या भाऊबंदांहून वर चढू नये. हे शेवटचं कलम मी अनेक वर्षं नजरेआड केलं होतं. राजाचं देवाशी इमान कशावरून ओळखायचं, तर भाऊबंदांपुढे तो किती उंच झाला यावरून.

आता ती यादी हातात धरून राजांचं पुस्तक वाचा. १०वा अध्याय वरवर पाहता शलमोनाच्या वैभवाचा पोवाडा आहे. एका वर्षात ६६६ किक्कार (वजनाचं मोठं माप) सोनं आलं. १,४०० रथ, १२,००० स्वार. घोडे कुठून? मिसरातून. लगेच ११वा अध्याय: ७०० राण्या, ३०० उपपत्नी. सोनं, घोडे, बायका. तिन्ही मर्यादा एकामागून एक मोडल्या आणि लिहिणाऱ्यानं आवाज जराही चढवला नाही. ज्याला अनुवाद पाठ आहे त्याला ही स्तुती ऐकतानाच घाम फुटला असेल. म्हणजे शलमोन म्हातारपणी एका सकाळी उठून फिरला नाही. मंदिराला ७ वर्षं लागली आणि स्वतःच्या वाड्याला १३, हे ६व्या-७व्या अध्यायांच्या सांध्यावर लिहून ठेवलंय. बांधकामाच्या हिशोबात गालीलातली २० गावं त्यानं सोरच्या हिरामाला देऊन टाकली. त्या गावांतल्या लोकांना कुणी विचारलं असेल असं वाटतं का?

बायकांबद्दल एक गोष्ट जाता जाता. परक्या बायकांनी राजा बिघडवला, असं प्रवचन मी तरुणपणी केलंय, आणि तेच ते वाईट उत्तर. रूथ मवाबीच होती आणि ती शलमोनाचा बाप दावीद याची पणजी. परकं रक्त हा दोषच नव्हता. या राण्या मुख्यतः तहाच्या राण्या होत्या. मवाबशी तह केला की मवाबची राजकन्या आली, तिच्याबरोबर कमोश आला, आणि डोंगरावरचं उच्च स्थान ही त्या तहाची पोचपावती. सीमेची काळजी देवावर न सोपवता लग्नांवर सोपवली, हा मनाचा पहिला कल. ज्यांची मनं राजानं वळवून घेतली नाहीत त्या राण्यांच्या माथी सगळं मारणं सोपं होतं, मीही मारलं.

पण एकनिष्ठा आणि रयतेचं रक्षण एकच कसं, हे सगळ्यांत उघड दिसतं ते नाबोथाच्या मळ्यात. तुमच्या अभ्यासात हा प्रसंग जरूर घ्या, १ राजे २१. इज्रेलात, फुटून निघालेल्या उत्तरेच्या राज्याचा पुढचा राजा अहाब याच्या वाड्याशेजारी नाबोथाचा द्राक्षमळा. अहाबाला तिथं भाजीपाला लावायचा होता. त्यानं जबरदस्ती केली नाही हे लक्षात घ्या. दुसरा मळा देतो किंवा रोख घे, म्हणाला. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी तुला देणार नाही. आणि राजा, ज्याच्याकडे सैन्य आहे, रथ आहेत, तो घरी जाऊन तोंड फिरवून पडला, जेवला नाही. का? कारण लेवीय या पुस्तकात लिहिलंय की जमीन देवाची आहे, ती कायमची विकायची नाही. अहाब बआल दैवताच्या नादी लागला होता, तरी तो जुना कायदा त्याच्या अंगात कुठंतरी शिल्लक होता. त्याची राणी ईजबेल हिला ते रुसणंच कळेना. ती सीदोनच्या राजाची मुलगी, तिच्या लेखी राजाला नाही म्हणणारा मळेवाला ही गोष्टच असंभव. तिनं अहाबाच्या नावानं पत्रं लिहिली, त्याची मुद्रा उठवली, गावात उपास जाहीर करवला, दोन भाडोत्री साक्षीदार उभे केले. नाबोथानं देवाला आणि राजाला शाप दिला, असा आरोप. दगडमार. मळा राजाचा.

बघा, उपास जाहीर केला. देवाच्या नावाचीच मुद्रा वापरली. मळेवाल्या नाबोथाच्या आणि राजाच्या मधे एकच कुंपण होतं: राजाच्या वर कुणीतरी आहे आणि जमीन त्याची आहे. राजानं ते कुंपण मोडलं की राजा बिनकुंपणाचा होतो, आणि शेजारच्या मळ्यात चरायला कोण येतं ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

यराबामाचं पुढे काय झालं? १० वंशांचं राज्य देवानंच देऊ केलं होतं, पण त्याला धास्ती होती की लोक सणाला यरुशलेमेला गेले तर रहबामाकडे परत वळतील. म्हणून त्यानं सोन्याची दोन वासरं केली, एक बेथेलात, एक दानात, आणि लोकांना सांगितलं की एवढं लांब वर चढून जायचं म्हणजे तुम्हाला फार त्रास. शलमोनानं देवाला सोडून तह धरले, यानं देवालाच राज्याच्या कामाला लावलं. याजकपणाच्या लेवी वंशातले नसलेले याजक नेमले, सणाची तारीख स्वतःच्या मनानं ठरवली, ८व्या महिन्याचा १५वा दिवस. उत्तरेत सुमारे २०० वर्षांत १९ राजे झाले आणि जवळजवळ प्रत्येकाच्या नोंदीत एकच वाक्य घोळत राहतं: यराबामानं इस्राएलाकडून जे पाप करवलं ते यानं सोडलं नाही. इ.स.पू. ७२२ मध्ये अश्शूरनं शोमरोन ही उत्तरेची राजधानी घेतली तेव्हाही शास्त्र बोट दाखवतं ते त्या वासरांकडे. शेवटच्या पिढीतल्या लोकांना वासरं म्हणजे मूळ धर्म नव्हे, हे माहीतही नसेल. त्यांच्या आजाच्या आजानं तिथंच नवस फेडलेला.

दक्षिणेच्या यहूदाचा राजा मनश्शे याचंही तसंच, थोडक्यात सांगतो. ५५ वर्षं राज्य केलं, म्हणजे दोन पिढ्या. त्याच्या नातवाच्या, योशीयाच्या, १८व्या वर्षी मंदिराच्या डागडुजीत नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला आणि वाचून राजानं कपडे फाडले. ग्रंथ सापडला यात आपण आनंद मानतो. मला मात्र मंदिरातच ग्रंथ हरवावा याचं जास्त वाटतं.

तर इथवर पहिल्या भागाचं उत्तर: शास्त्र सांगतं ते नुकसान बहुतेक वेळा आभाळातून कोसळत नाही. ते वेठीच्या पाळीतून, शिध्याच्या यादीतून, खोट्या साक्षीतून, नेमलेल्या याजकांतून आणि विसरलेल्या ग्रंथातून खाली झिरपतं.

आता न्यायाचं. तुमची तक्रार नवी नाही. बाबेलास बंदिवान म्हणून नेलेल्या यहूदाच्या लोकांत म्हणच पडली होती की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. यिर्मयाच्या ३१व्या आणि यहेज्केलाच्या १८व्या अध्यायात देव म्हणतो, ही म्हण बंद करा, जो पाप करेल तोच मरेल. मग शलमोनाच्या मुलाचं काय? मी वर्गात सातबाऱ्याचा दाखला देतो. बापानं जमिनीवर बोजा चढवला तर मुलगा गुन्हेगार ठरत नाही, कुणी त्याला कोर्टात उभं करत नाही. पण उतारा काढला की बोजा दिसतोच. दोष वारसानं येत नाही, बोजा येतो. आणि रहबामाला तो उतरवायची संधी मिळाली होती. तीन दिवस मिळाले. म्हातारे म्हणाले, आज या लोकांचा सेवक हो, ते कायमचे तुझे सेवक होतील. त्यानं आपल्याबरोबर वाढलेल्या पोरांचं ऐकलं: माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड आहे, बापानं चाबकानं मारलं, मी विंचवांनी मारीन. तेव्हा बोजा बापाचा असला तरी त्यावर सही मुलाचीही आहे.

लोकही सगळे निष्पाप नव्हते, हे सांगायला अवघड जातं, पण शास्त्र सांगतं. लोकांनी पहिल्यांदा राजा मागितला तेव्हा शमुवेल संदेष्ट्यानं सांगितलं होतं की राजा तुमची मुलं घेईल, शेतं घेईल, धान्याचा दहावा भाग घेईल. लोक म्हणाले, तरी आम्हाला राजा हवाच. इज्रेलातल्या वडीलजनांनी ईजबेलचं पत्र वाचलं आणि जसंच्या तसं केलं. पत्रावर मुद्रा राजाची होती, दगड मात्र गावकऱ्यांच्या हातात होते.

एक प्रसंग मात्र माझ्या या मांडणीत बसत नाही आणि मी तो बसवतही नाही. दावीदानं शिरगणती केली आणि मरीनं ७०,००० माणसं मेली. इथं वेठ नाही, तह नाही, झिरपणं नाही, सरळ शिक्षा आहे. दावीद स्वतः विचारतो, पाप मी केलं, या मेंढरांनी काय केलं? म्हणजे तुमचाच प्रश्न. देव त्याला गप्प बस म्हणत नाही आणि खुलासाही देत नाही. दावीद अरवना यबूश्याचं खळं विकत घेतो, फुकट देऊ केलं तरी ५० शेकेल मोजतो आणि तिथं वेदी बांधतो. अभ्यासात कुणी हा प्रसंग काढला तर सारवासारव करू नका. दावीदाला जो प्रश्न विचारता आला तो आपल्यालाही विचारता यावा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळसं कुठल्या राष्ट्राबद्दल आणि कुठल्या पुढाऱ्याबद्दल बोलतो यावर अवलंबून आहे. इस्राएलाचा राजा करारानं बांधलेला होता, त्याचा अभिषेकच त्या अटीवर. आपल्या संविधानात मंत्री ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो, दोन्ही सारखंच ग्राह्य. त्याला शलमोनाच्या जागी बसवून पाऊस का पडला नाही याचा हिशोब मांडणं म्हणजे शास्त्राला ज्योतिष करणं. शिवाय राष्ट्रावरचं संकट म्हणजे दैवताचा राग, हा विचार सगळ्या शेजाऱ्यांचा होताच. मवाबचा राजा मेशा याचा कोरीव दगड १८६८ मध्ये धीबान इथं सापडला. त्यात तो लिहितो की इस्राएलाचा राजा अम्री यानं मवाबला पुष्कळ दिवस गांजलं, कारण कमोश आपल्या देशावर रागावला होता. का रागावला, राजाचं काही चुकलं का, याचा पत्ता नाही. इस्राएलाच्या पुस्तकाचं वेगळेपण इथं आहे: ते राग सांगून थांबत नाही, स्वतःच्या राजाचं नाव आणि त्याची करणी लिहून ठेवतं.

इतर राष्ट्रांच्या राजांना शास्त्र कुठल्या मापानं मोजतं, ते आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत पाहा. दिमिष्काचा गुन्हा काय? गिलादाला लोखंडी यंत्रांनी मळलं. अम्मोनचा? सीमा वाढवायला गरोदर बायकांची पोटं चिरली. मवाबचा? अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला. एकाही परक्या राष्ट्रावर मूर्तिपूजेचा आरोप नाही. परमेश्वराचं नियमशास्त्र धिक्कारल्याचा आरोप एकट्या यहूदावर, कारण ते त्यालाच दिलं होतं. आणि पारसाचा राजा कोरेश? परमेश्वर त्याला आपला अभिषिक्त म्हणतो आणि लगेच सांगतो, तू मला ओळखत नव्हतास तरी. बंदिवान घरी गेले ते त्या न ओळखणाऱ्याच्या हुकमानं. तेव्हा तुमच्या मंडळीत जे सांगितलं जातं त्याचं उत्तर असं द्या: पुढारी कुठल्या देवाचं नाव घेतो याआधी शास्त्र त्याच्या हाताखाली कोण भरडलं जातंय हे विचारतं. नाव घेऊन उपास जाहीर करणारी ईजबेलही होती.

करार, अभिषेक, देवाचं नाव घेऊन पुढारपण, हे सगळं आज खरोखर लागू पडतं ते आपल्या मंडळ्यांना. एक स्वतःचीच गोष्ट. एका मंडळीत उपकारस्तुतीच्या सणाला लिलाव व्हायचा, जसा सगळीकडे होतो: ज्वारीचं पोतं, भोपळे, कोंबडी, अंडी. कमिटीतले एक वजनदार गृहस्थ मोठमोठ्या बोल्या लावायचे, वस्तू घरी न्यायचे आणि वहीत त्यांच्या नावापुढे 'येणे' असं लिहिलं जायचं. तीन वर्षं 'येणे'. मी विचारलं नाही, कारण देवळाच्या छपराचे पत्रे त्यांनीच दिले होते. चौथ्या वर्षी वहीत 'येणे' असलेली अकरा नावं झाली. पाचव्या वर्षी वेदीपुढे जे भोपळे आले ते हातात धरवत नव्हते. मंडळीनं देव सोडला असं कुणी म्हणणार नाही, उपासनेला गर्दी तितकीच होती. अर्पण म्हणजे काय, हे मात्र त्या वहीनं सगळ्यांना शिकवलं, आणि वही माझ्या कपाटात होती. इज्रेलचे वडीलजन शिकवताना तेव्हापासून माझा आवाज जरा खाली येतो.

आता तुमच्या शास्त्राभ्यासाबद्दल. दीड तास असेल तर १ राजे ११ आणि १२ मोठ्यानं वाचून घ्या, थांबू नका. मग प्रत्येकाला कागद-पेन देऊन अनुवाद १७ची शेवटची सात वचनं हातानं लिहायला सांगा. राजाला लिहायला सांगितली होती, आपल्याला दहा मिनिटं जड नाहीत. लिहून झाल्यावर ५वा अध्याय काढा आणि विचारा, या आकड्यांतला माणूस तुमच्या गावचा असता तर त्याच्या घरी त्या महिन्यात काय चाललं असतं. ज्यांनी कष्ट केलेत त्यांना आधी बोलू द्या, शिकलेल्यांना नंतर.

वेळ उरला तर १४व्या अध्यायातल्या ढाली घ्या. शलमोनानं सोन्याच्या ३०० ढाली करून वाड्यात ठेवल्या होत्या, मोठ्या २०० वेगळ्या. रहबामाच्या ५व्या वर्षी मिसरचा राजा शिशक आला आणि सगळ्या घेऊन गेला. रहबामानं त्यांच्या जागी पितळेच्या केल्या. राजा मंदिरात जायचा तेव्हा पहारेकरी त्या धरून चालायचे, आणि नंतर आपल्या खोलीत नेऊन ठेवायचे. माझ्या वर्गात आठवीतल्या एका मुलानं विचारलं होतं, "लोकांना कळत नसेल का, पितळ आहे ते?" त्यावर वर्ग असा काही बोलायला लागला की चहा आला, निवला, तरी कुणी उठलं नाही.